इंटरव्ह्यूपासून ओसीआयपर्यंत: अमेरिकन नागरिकत्वाचे शेवटचे टप्पे

सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पास झाला की व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. माझ्याही बाबतीत तसंच झालं. नागपूरची मावशी म्हणाली, "झालीस का गं अमेरिकन?" मी उत्साहाने "हो" म्हणून टाकलं. ते चूक होतं. कायद्याच्या दृष्टीने मी सकाळी जितकी भारतीय होते तितकीच संध्याकाळीही होते. नागरिकत्व मिळतं ते शपथ घेतल्या क्षणी. इंटरव्ह्यू आणि शपथ यांच्यामधले दिवस, आणि शपथेनंतरचे पहिले काही महिने, याच काळात आपल्या लोकांच्या सर्वांत जास्त चुका होतात, कारण सगळं झालं असं वाटून आपण सैलावलेले असतो.

अर्ज कसा भरायचा यावर बरंच लिहिलं गेलं आहे. म्हणून मी सुरुवात करते ती इंटरव्ह्यूचं पत्र हातात पडल्यापासून, आणि थांबते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) घेऊन भारतात उतरण्यापाशी. मी वकील नाही. मी आणि माझा नवरा या सगळ्यातून गेलो आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली डायनिंग टेबलावर पसरून बसलो, त्यातून साठलेलं हे आहे. कधी अटक झाली असेल, कोर्टात प्रकरण झालं असेल किंवा देशाबाहेर फार काळ राहणं झालं असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्याच. तिथे काटकसर नको.

पत्र आल्यावर: फाईल पुन्हा उघडा

एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरून कित्येक महिने गेलेले असतात. आपण त्यात काय लिहिलं होतं ते आपल्यालाच आठवत नाही. अधिकाऱ्यासमोर मात्र तोच अर्ज उघडा असतो आणि तो ओळीने तपासत जातो. म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःचा अर्ज छापून घ्यायचा आणि हातात पेन घेऊन वाचायचा. अर्ज भरल्यानंतर जे जे बदललं ते समासात लिहायचं: नवी नोकरी, नवा पत्ता, भारताची एखादी फेरी, नवं बाळ, वेगाने गाडी चालवल्याचं तिकीट.

पत्ता बदलला असेल तर तो यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) १० दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. इंटरव्ह्यूचं पत्र जुन्या घरी जाऊन पडलं तर किती मनस्ताप होतो ते मी जवळून पाहिलंय. ऑनलाइन खातं उघडलेलं असेल तर पत्राची प्रत तिथेही दिसते. आठवड्यातून एकदा तिथे डोकावायची सवय लावा.

आपल्या लोकांसाठी सर्वांत नाजूक भाग म्हणजे प्रवासाची यादी. सर्वसाधारण नियम असा: ग्रीनकार्डावर ५ वर्षं झालेली हवीत आणि त्यातले किमान ३० महिने तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि दोघं एकत्र राहत असाल, तर ३ वर्षं आणि १८ महिने. याशिवाय एकच फेरी ६ महिन्यांपेक्षा लांबली असेल, तर तुमचा सलग रहिवास तुटला असं गृहीत धरलं जातं आणि तो तुटला नव्हता हे तुम्हाला दाखवावं लागतं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर मोजणीच नव्याने सुरू होते. बाबांचं बायपास, आईचं हिप रिप्लेसमेंट, गावाकडच्या जमिनीचा वाद, अशा कारणांनी आपल्यापैकी कितीतरी जण चार-पाच महिने तिकडे अडकलेले असतात. सगळे पासपोर्ट काढा, जुने आणि संपलेलेसुद्धा, आणि शिक्क्यांवरून तारखा जुळवा. एखादी फेरी ६ महिन्यांच्या पुढे गेली असेल, तर त्या काळात इथे भाड्याचा करार चालू होता, नोकरी टिकून होती, घरातली माणसं इथेच होती, टॅक्स भरला होता, याचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये लावा. अधिकाऱ्याने विचारलं की लगेच पुढे ठेवता आले पाहिजेत.

सोबत न्यायचे कागद: इंटरव्ह्यूचं पत्र, ग्रीनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळे पासपोर्ट, ५ वर्षांचे (लग्नाच्या नियमाखाली अर्ज असेल तर ३ वर्षांचे) आयआरएसचे (अमेरिकेच्या कर खात्याचे) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा हुकूमनामा, आणि पोलिसांशी कधी संबंध आला असेल तर त्या प्रकरणाचा निकाल दाखवणारा कोर्टाचा कागद. वयाची १८ ते २६ वर्षं पुरुष म्हणून ग्रीनकार्डावर इथे काढली असतील, तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या लष्करभरतीसाठीच्या सरकारी यादीत) नाव नोंदवल्याचा पुरावाही ठेवा. लहानपणी आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांचं हे हमखास राहून जातं.

टॅक्सबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. ग्रीनकार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. त्यात पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आलं आणि सहकारी बँकेतल्या मुदत ठेवीवरचं व्याजही आलं. परदेशातल्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. "तिकडे टीडीएस कापलाय ना" हे उत्तर इथे चालत नाही. काही राहून गेलं असेल तर इंटरव्ह्यूच्या आधीच सीएला गाठा आणि दुरुस्त विवरणपत्र भरा.

इंटरव्ह्यूला जाणं शक्यच नसेल तर न कळवता गैरहजर राहू नका, तारीख बदलून मागा. न कळवता गैरहजर राहिलात तर प्रकरण तात्पुरतं बंद होतं आणि ते पुन्हा उघडून घेण्यासाठी एक वर्षाची मुदत असते.

नागरिकशास्त्राची तयारी: तुमची परीक्षा नेमकी कोणती?

इंटरव्ह्यूतच इंग्रजीची आणि अमेरिकेच्या नागरिकशास्त्राची परीक्षा होते. नागरिकशास्त्राबाबत सध्या मोठा गोंधळ आहे, कारण दोन परीक्षा एकाच वेळी चालू आहेत. तुमचा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ च्या आधी दाखल झाला असेल तर २००८ ची जुनी परीक्षा: १०० प्रश्नांची यादी, त्यातले जास्तीत जास्त १० विचारतात, ६ बरोबर यावे लागतात. त्या दिवशी किंवा त्यानंतर दाखल झाला असेल तर २०२५ ची नवी परीक्षा: १२८ प्रश्नांची यादी, २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. नव्या परीक्षेत १२ बरोबर आली की अधिकारी थांबतो, आणि ९ चुकली तरी थांबतो. इंटरव्ह्यू कधी झाला याला महत्त्व नाही, अर्ज कधी दाखल झाला ते पाहायचं. मित्राने दिलेली जुनी पुस्तिका घेऊन बसण्यापूर्वी आपल्या पावतीवरची तारीख बघा.

दोन्ही परीक्षांमध्ये काही उत्तरं बदलती असतात: राष्ट्राध्यक्ष, सभागृहाचा सभापती, तुमच्या राज्याचे सिनेटर, गव्हर्नर. निवडणुका झाल्या की ही नावं यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर ताजी केली जातात. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ती एकदा पाहून घ्या.

घोकंपट्टीत आपण तरबेज आहोत, पण परीक्षा तोंडी असते हे लक्षात ठेवा. मनात उत्तर येणं वेगळं आणि समोरच्याला ते ऐकू जाणं वेगळं. आमच्या मुलीने रोज रात्री जेवताना आम्हाला प्रश्न विचारले. घटना कधी लिहिली गेली? १७८७. आत्तापर्यंत घटनादुरुस्त्या किती? २७. ती अगदी अधिकाऱ्याच्या थाटात विचारायची आणि त्या सरावाचा खूप उपयोग झाला. शक्य असेल तर सराव अशा माणसाबरोबर करा ज्याचा इंग्रजी उच्चार आपल्यासारखा नाही. कित्येकदा उत्तर येत असतं, प्रश्नच कळत नाही.

घरातल्या ज्येष्ठांसाठी काही सवलती आहेत आणि त्या बऱ्याच कुटुंबांना माहीतच नसतात. अर्ज करतेवेळी वय ५० पूर्ण आणि ग्रीनकार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ पूर्ण आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही. नागरिकशास्त्राचे प्रश्न मात्र असतात, पण दुभाषा नेऊन ते मराठीतून देता येतात. वय ६५ पूर्ण आणि २० वर्षं झाली असतील तर अभ्यास फक्त २० खुणा केलेल्या प्रश्नांचा. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर यावे लागतात. आजारपणामुळे किंवा स्मृतिभ्रंशामुळे शिकणंच शक्य नसेल तर डॉक्टरांनी भरून दिलेला एन-६४८ फॉर्म जोडून या परीक्षांतून सूट मागता येते. शेजारच्या काकूंनी "मला कुठलं इंग्रजी येतंय" म्हणून वर्षानुवर्षं अर्जच केला नव्हता. त्या दुसऱ्या नियमात आधीपासून बसत होत्या.

त्या खोलीत काय होतं

पत्रावर दिलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा, त्याहून फार आधी नको. सुरक्षा तपासणी होते, फोन बंद करावा लागतो, नाव पुकारलं जातं. खोलीत गेल्यावर बसण्याआधीच अधिकारी उजवा हात वर करायला सांगतो. ती खरं बोलण्याची शपथ, नागरिकत्वाची नव्हे. त्यानंतर जे बोलाल ते शपथेवर बोललेलं धरलं जातं.

इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा नसते. "आज कसे आलात?" इथपासून अर्जातल्या प्रश्नांपर्यंत जे बोलणं होतं तीच परीक्षा. वाचायला जास्तीत जास्त तीन वाक्यं देतात, त्यातलं एक नीट वाचता आलं की झालं. लिहायचंही तसंच. बहुतेक ठिकाणी हे टॅब्लेटवर होतं, तेव्हा काचेवर पेनने लिहायची सवय नसेल तर घरी थोडा सराव करा.

खरी कसोटी असते ती "तुम्ही कधी..." ने सुरू होणाऱ्या प्रश्नांच्या माळेची. कधी अटक झाली आहे का, कधी खोटं सांगून सरकारी लाभ घेतला आहे का, वंशसंहारात किंवा कोणाच्या छळात भाग घेतला आहे का. एकामागून एक "नो, नो" म्हणत जाण्याचा मोह होतो. अधिकारी मध्येच थांबून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारू शकतो. त्याला पाठांतर नको असतं, प्रश्न समजलाय का हे बघायचं असतं. अर्ज छापून घ्या म्हणाले त्याचं दुसरं कारण हे. त्यातला प्रत्येक अवघड शब्द आपल्या साध्या इंग्रजीत समजावता यायला हवा. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगा. ते बिनदिक्कत चालतं. न समजता दिलेलं उत्तर मात्र शपथेवरचं उत्तर होऊन बसतं.

या माळेतल्या एका प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या: अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का, कधी मतदान केलं आहे का. लायसन्स काढताना खिडकीवरचा कर्मचारी मतदार नोंदणीबद्दल विचारतो आणि घाईत आपण "हो" म्हणून सही करतो, असं प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही होतं. परिणाम फार गंभीर असतात, अगदी देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत. आपल्याबाबत असं घडलं असेल अशी शंका जरी असली, तरी इंटरव्ह्यूच्या आधी वकिलाला भेटा.

ऑगस्ट २०२५ पासून चारित्र्याची तपासणी अधिक व्यापक केली आहे. गुन्हा नसणं एवढंच पुरेसं न मानता समाजातला सहभाग, कुटुंबाची जबाबदारी, शिक्षण, स्थिर नोकरी, वेळेवर भरलेला कर अशा जमेच्या बाजूही पाहायच्या, असं अधिकाऱ्यांना सांगितलं गेलं आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा मराठी शाळेत तुम्ही वर्षानुवर्षं स्वयंसेवक असाल, तर त्याचं एक पत्र फाईलमध्ये असू द्या. मागितलं नाही तर दाखवू नका, पण हाताशी ठेवा.

शेवटी एन-६५२ नावाचा निकालाचा कागद मिळतो. त्यावर तीनपैकी एक खूण असते: मंजुरीची शिफारस केली आहे, परीक्षेचा काही भाग पुन्हा द्यावा लागेल, किंवा निर्णय आत्ता देता येत नाही. पुन्हा परीक्षा असेल तर ती साधारण ६० ते ९० दिवसांत होते आणि न जमलेला भागच पुन्हा द्यायचा असतो. खचून जाऊ नका. निर्णय राखून ठेवला असेल तर कधी आणखी कागद मागवतात, कधी वरिष्ठांची तपासणी बाकी असते. इंटरव्ह्यूनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर फेडरल जिल्हा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क कायद्यात आहे. त्याआधी ऑनलाइन चौकशी आणि आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयाला पत्र, हे दोन मार्ग नक्की वापरा. प्रतिनिधींच्या कार्यालयात या कामासाठी माणसं असतात. अर्ज नाकारला गेला तर एन-३३६ भरून ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते.

नाव आणि जन्मतारीख: इथे घाई नको

इंटरव्ह्यूच्या शेवटी अधिकारी नाव, जन्मतारीख, पूर्वीचं नागरिकत्व वगैरे तपशील दाखवून सही घेतो. आपण सुटल्याच्या आनंदात असतो. पण शपथेनंतर मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर हेच छापलं जातं.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. आपलं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. भारतीय पासपोर्टवर एक, ग्रीनकार्डावर दुसरं, सोशल सिक्युरिटीवर मधल्या नावाचं नुसतं अद्याक्षर, असं सर्रास असतं. पुढे अमेरिकन पासपोर्ट सर्टिफिकेटवरून निघेल, आणि ओसीआयच्या अर्जात तो पासपोर्ट तुमच्या जुन्या भारतीय पासपोर्टशी ताडून पाहिला जाईल. फरक असेल तर तो समजावणारा कागद लागेल. आत्ताच ठरवा की आयुष्यभर कोणतं नाव वापरायचं आहे.

नाव बदलायचं असेल तर नागरिकत्वाच्या अर्जातच तशी मागणी करता येते, पण ते फक्त न्यायालयात शपथविधी होणार असेल तर. नाव बदलण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे, यूएससीआयएसला नाही. त्यामुळे काही शहरांत शपथेची तारीख लांबते. लांबली तरी चालेल असं असेल तर ही सोय जरूर घ्या. नावबदलाच्या कागदाची प्रत सर्टिफिकेटइतकीच जपून ठेवा, कारण ओसीआयच्या वेळी ती मागतात.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडे कितीतरी जणांचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. शाळेच्या दाखल्यावर एक, जन्मपत्रिकेत दुसरी. शपथेवर सांगितलेली तारीख खरी नव्हती असं नंतर म्हणून सर्टिफिकेट दुरुस्त करून मिळत नाही. जन्मदाखला, पासपोर्ट, ग्रीनकार्ड यांच्यात फरक असेल तर तो इंटरव्ह्यूतच काढा.

शपथेचं पत्र आणि मधले दिवस

काही कार्यालयांत इंटरव्ह्यूच्याच दिवशी शपथ होते. आमची झाली नाही. बहुतेकांना काही आठवड्यांनी एन-४४५ नावाचं पत्र येतं. त्यात तारीख, जागा आणि एक छोटी प्रश्नावली असते: इंटरव्ह्यूनंतर लग्न किंवा घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेलात का, अटक किंवा दंड झाला का, मतं बदलली का. ही उत्तरं शपथविधीच्या दिवशी लिहायची, पत्र आल्या आल्या नव्हे. मधल्या काळात गाडीचं तिकीट मिळालं असेल तर "हो" लिहा आणि दंड भरल्याची पावती न्या. लपवलेली छोटी गोष्ट ही कबूल केलेल्या छोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देते.

मधल्या काळात भारतात जाता येतं. तुम्ही अजून ग्रीनकार्डधारकच असता आणि त्याच कार्डावर परत येता. कार्डाची मुदत संपली असेल तर एन-४०० ची पावती ती २४ महिने वाढवते, तेव्हा पावती बरोबर ठेवा. पण तारीख कधी येईल सांगता येत नाही, म्हणून अगदी गरज असेल तरच जा. तारीख जमणारच नसेल तर पत्रावर दिलेल्या पद्धतीने लेखी कारण कळवून बदलून मागा. कारण न कळवता एकापेक्षा जास्त वेळा गैरहजर राहिलात, तर तुम्हाला नागरिकत्व नको आहे असं मानून अर्ज नाकारला जाऊ शकतो.

शपथेचे शब्द आधी वाचून घ्या. परक्या राजसत्तांवरची सगळी निष्ठा पूर्णपणे सोडत असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात थांबला होता. धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्र हाती घेणं पटत नसेल तर तेवढा भाग वगळायची मागणी करता येते. देवाचा उल्लेखही वगळता येतो. पण हे इंटरव्ह्यूच्या वेळीच सांगायला हवं.

शपथविधीचा दिवस

चांगले कपडे घाला. जीन्स, शॉर्ट्स, चपला नकोत असं पत्रातच लिहिलेलं असतं. मी नऊवारी नव्हे, पण आईने दिलेली पैठणी नेसले होते आणि त्याचा आजही आनंद आहे. घरच्यांना सोबत आणता येतं, फक्त जागेची मर्यादा आधी विचारा.

आत गेल्यावर प्रश्नावली तपासतात आणि ग्रीनकार्ड परत घेतात. ते परत मिळत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत घरी ठेवून निघा. आमच्या सभागृहात देशांची नावं पुकारली आणि त्या त्या देशाची माणसं उभी राहिली. मग सगळ्यांनी मिळून शपथ, झेंड्याची प्रतिज्ञा, आणि सर्टिफिकेट.

सर्टिफिकेट हाती आलं की फोटो काढण्याआधी बाजूला उभं राहून प्रत्येक अक्षर वाचा: नाव, जन्मतारीख, पूर्वीचा देश, उंची, वैवाहिक स्थिती. चूक असेल तर सभागृह सोडण्याआधी कर्मचाऱ्याला दाखवा. घरी गेल्यावर तीच दुरुस्ती एन-५६५ फॉर्म आणि महिन्यांची वाट पाहणं होऊन बसते. सर्टिफिकेटला लॅमिनेशन करू नका. त्यावर कायदेशीर अधिकाराशिवाय प्रत काढणं गुन्हा असल्याचं छापलेलं असतं, ते वाचून लोक घाबरतात. पासपोर्टसारख्या वैध कामासाठी प्रत काढायला हरकत नाही. ती काढावीच लागते.

दाराशी मतदार नोंदणीचं टेबल असेल तर तिथेच नाव नोंदवा. आता तो तुमचा हक्क आहे.

शपथेनंतरचा क्रम

या क्षणी तुमच्या हातात प्रवासाचा एकही चालणारा कागद नसतो. ग्रीनकार्ड दिलेलं. अमेरिकन पासपोर्ट आलेला नाही. भारतीय पासपोर्ट कपाटात आहे, त्यावर मुदतही बाकी आहे, पण तो वापरता येत नाही: नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. अमेरिकेचा दुहेरी नागरिकत्वाला विरोध नाही, हे खरं असलं तरी भारताचा आहे. तो पासपोर्ट घेऊन प्रवास करणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. एका स्नेह्यांनी शपथेच्या पुढच्याच आठवड्यात भाच्याच्या मुंजीची तिकिटं काढली होती. ती रद्द करावी लागली. शपथेनंतरचे दोन-तीन महिने भारतप्रवासासाठी मोकळे सोडा.

पहिलं काम अमेरिकन पासपोर्ट. पहिल्या वेळी डीएस-११ फॉर्म भरून प्रत्यक्ष जावं लागतं, बहुधा पोस्टात, आणि अपॉइंटमेंट शपथेची तारीख कळताच घेऊन ठेवा. मूळ सर्टिफिकेट, त्याची साध्या पांढऱ्या कागदावरची प्रत, लायसन्स आणि त्याची प्रत, दोन बाय दोन इंचांचा फोटो. फॉर्मवर आधी सही करू नका, ती समोर करायची असते. प्रौढांसाठी १३० डॉलर आणि वर ३५ डॉलर अर्ज स्वीकारण्याचे, तातडी हवी असेल तर आणखी ६० डॉलर. मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडे जातं आणि वेगळ्या टपालाने परत येतं. पासपोर्ट आला पण सर्टिफिकेट नाही म्हणून घाबरू नका. प्रवास १४ दिवसांच्या आत असेल तर पासपोर्ट एजन्सीत तातडीची वेळ मागता येते.

सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत "नागरिक" असा बदल करून घ्या. एन-४०० मध्येच तशी संमती दिली नसेल, तर शपथेनंतर किमान दहा दिवस थांबून त्यांच्या कार्यालयात जा.

मुलांबद्दल: मूल १८ वर्षांखालचं, ग्रीनकार्डधारक आणि तुमच्या ताब्यात इथेच राहत असेल, तर तुम्ही शपथ घेता त्याच क्षणी ते आपोआप नागरिक होतं. त्याचा वेगळा अर्ज नसतो. पुरावा म्हणून त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढा, आणि जमल्यास एन-६०० भरून सर्टिफिकेटही घ्या. इथे एक गोष्ट सुटते: मूल नागरिक झालं म्हणजे त्याचाही भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, म्हणजे भारत सरकारकडून रद्द करून घ्यायचा असतो. मूल अठराच्या उंबरठ्यावर असेल तर तारखा फार काळजीने पाहा.

भारताकडची बाजू

अमेरिकन पासपोर्ट आल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा. अमेरिकेत हे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीमार्फत भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाकडे जातात, आणि कोणत्या राज्याला कोणतं कार्यालय हे ठरलेलं आहे. मूळ पासपोर्ट, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची आणि अमेरिकन पासपोर्टची प्रत लागते. सोबत कुठले कागद नोटरी करायचे, त्यांचा क्रम काय, हे त्यांच्या यादीप्रमाणे तंतोतंत करा. एक प्रत कमी पडली तरी पाकीट परत येतं. पाठवण्यापूर्वी पासपोर्टचं प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा. रद्द केल्याचा शिक्का मारून पासपोर्ट परत मिळतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट आयुष्यभर जपायचं.

ते पाकीट टपालात टाकताना मला रडू आलं. नवरा शेजारी गप्प उभा होता. ज्यांना असं होईल त्यांना एवढंच सांगते की त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा, जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने उरकू नका.

त्यानंतर ओसीआय. नव्या अर्जाची सरकारी फी २७५ डॉलर, त्यावर व्हीएफएसचं शुल्क. अर्ज आधी भारत सरकारच्या ओसीआयच्या संकेतस्थळावर भरायचा, मग व्हीएफएसकडे. सरेंडर सर्टिफिकेट इथे लागतं, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही. ओसीआय येईपर्यंत भारतात जावंच लागलं तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा काढा.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. हयातभर व्हिसा लागत नाही, राहता येतं, नोकरी करता येते, घर घेता येतं. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने शेतजमीन मिळू शकते. सातबाऱ्यावर तुमचं नाव आधीपासून असेल किंवा वडिलांनंतर लागणार असेल, तर शपथ घेण्याआधीच गावाकडच्या वकिलाशी बसून सगळं समजून घ्या. भावंडांनाही आत्ताच सांगा. हे विषय नंतर निघाले की कडू होतात.

तिकडची आणखी तीन कामं. मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ भरून काढा. पॅन कार्ड तसंच राहतं. बँकेला नागरिकत्व बदलल्याचं कळवून केवायसी नवी करा, एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती ओसीआयधारकालाही चालू ठेवता येतात.

पहिल्यांदा ओसीआयवर निघताना अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. विमानाच्या काउंटरवर दोन्ही मागतात, परतीच्या वेळीही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते बुकिंग करतानाच बघा. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर एकदा, आणि मुलांच्या बाबतीत विशीपर्यंत दर वेळी, अमेरिकन पासपोर्ट नवा काढाल तेव्हा तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, आणि मुलांना ओसीआय विसाव्या वर्षाआधी मिळालं असेल, तर विशी ओलांडल्यानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टला त्यांचं कार्ड पुन्हा काढून घ्यायचं.